आईची मेमरी गेली म्हणजे नेमकी कुठली गेली?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही विस्मरणाच्या आजारावर लेख छापलात, विषय घेतलात याबद्दल खरंच आभार, घरात असा पेशंट असलेल्या माणसाला अशा लेखांची किती गरज असते ते मला माहितीये. पण त्यात एक वाक्य होतं, की स्मृती म्हणजे मेंदूतला एक कप्पा आणि या आजारात तो हळूहळू रिकामा होत जातो. तिथे मी पेपर खाली ठेवला. कारण दोन वर्षं मी पण हेच धरून चालले होते आणि त्यापायी आईशी जशी वागले ते आठवलं की अजून कसंतरी होतं. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

आईला अल्झायमर आहे. तीस वर्षं तिने टायपिस्ट म्हणून नोकरी केली. निदान झाल्यावर मी काय सुरू केलं तर रोज तिची परीक्षा घ्यायला लागले. सकाळी कोण आलं होतं सांग बघू, आज वार कुठला, मी आत्ता काय म्हटलं. मला वाटायचं मेंदूला व्यायाम होतोय, कप्प्यात जे उरलंय ते तरी टिकेल. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, उत्तर माझ्या चेहऱ्यावर कुठे दिसतंय का ते शोधत, मग काहीतरी ठोकून द्यायची नाहीतर रडायला लागायची. आणि मी म्हणायचे, अगं दहा मिनिटांपूर्वीच सांगितलं ना तुला.

एक दिवस भाच्याने लॅपटॉप टेबलावर उघडाच टाकला होता. आई जाऊन त्याच्यासमोर बसली, पाठ ताठ झाली, मनगटं उचलली गेली आणि दहाही बोटं आपापल्या जागेवर. आणि टायपिंग सुरू. शिकताना पहिल्या आठवड्यात गिरवून घेतात ना ते धडे, ए एस डी एफ, सेमीकोलन एल के जे, ओळीच्या ओळी, आणि बोटांकडे बघतसुद्धा नव्हती. ओळ भरत आली की तिचा डावा हात वर उठायचा आणि हवेतच उजवीकडे सरकायचा, परत खाली यायचा, पुढची ओळ. मला आधी कळेचना हे काय चाललंय. मग लक्षात आलं, जुन्या टाइपरायटरला डावीकडे दांडा असायचा, ओळ संपली की कॅरेज परत आणायला तो ढकलायचा, ती तो दांडा ढकलत होती. लॅपटॉपला कुठला दांडा, पण तिच्या हाताला तो तिथेच होता. मी विचारलं, आई हे कुठे शिकलीस गं? काय? म्हणाली. मी म्हटलं टायपिंग. तर म्हणाली, मला नाही बाई येत टायपिंग. आणि बोटं चालूच.

त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. मी डॉक्टर नाही, पण दोन वर्षांत बरंच वाचलंय, आणि सगळ्यात आधी हे सांगावंसं वाटतं की जी गोष्ट शास्त्रज्ञांना कळायला १९५० नंतरची कित्येक वर्षं लागली ती आपण बोलताना रोज न कळत पाळतो. आपण म्हणतो मला तो दिवस ‘आठवतो’. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मला ‘माहीत आहे’, त्याला आठवतं म्हणत नाही. आणि पोहायचं म्हटलं की मला पोहायला ‘येतं’. कुणी म्हणेल का मला पोहायला आठवतं म्हणून? हात बसलाय, अंगवळणी पडलंय, तोंडपाठ आहे, धसका घेतलाय, हे सगळे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि मेंदूतही या गोष्टी बऱ्याच अंशी वेगवेगळ्या यंत्रणा सांभाळतात. पण पेपरात लिहायची वेळ आली की आपण सगळ्याला मिळून ‘स्मरणशक्ती’ म्हणून मोकळे होतो.

हे सगळं ज्या माणसामुळे उलगडलं त्याचं नाव हेन्री मोलेसन. अमेरिकेतला, लहानपणापासून फिट्स यायच्या, पुढे इतक्या वाढल्या की काम करणं अशक्य झालं. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल नावाच्या सर्जनने त्याच्या मेंदूचा दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा भाग काढून टाकला, त्यात हिप्पोकॅम्पसचा बराच भाग गेला. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, तसा वाकडा आकार असतो म्हणून ते नाव. फिट्स कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली, बोलणं नीट, लहानपणच्या बऱ्याच गोष्टी आठवत होत्या. पण त्या दिवसापासून नवीन घडलेलं काही टिकेना. समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन थोड्या वेळाने परत आला की पुन्हा नवी ओळख. ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं तरी प्रत्येक भेटीत त्या त्याला अनोळखीच होत्या.

तर या मिल्नर बाईंनी एक प्रयोग केला. कागदावर चांदणी, तिला दोन रेषांची किनार, आणि त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात आणि कागद थेट दिसू द्यायचा नाही, फक्त आरशात बघायचं. घरी करून बघा, पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो, कोपऱ्यावर तर अडकूनच बसतो. हेन्रीचंही तेच झालं. पण तीन दिवस रोज करून घेतलं आणि दर दिवशी तो सुधारत गेला, आदल्या दिवशी जिथे सोडलं तिथूनच हाताने पुढे उचललं, आणि शेवटी सफाईने काढायला लागला. आणि हे आपण आधी कधी केलंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती. मी हे वाचलं तेव्हा मला आईचा तो हवेत सरकणारा हात दिसला आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

हेन्री २००८ साली वारला, ८२ वर्षांचा होऊन. तोवर जगाला त्याची फक्त आद्याक्षरं माहीत होती, एच एम, नाव मुद्दाम जाहीर केलेलं नव्हतं. मेल्यावर त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करून जपून ठेवलेत. पन्नासहून जास्त वर्षं तो शास्त्रज्ञांच्या चाचण्या न कंटाळता देत राहिला आणि आपण काय दिलं हे त्याला स्वतःला कधी लक्षात ठेवता आलं नाही. या माणसाबद्दल मला फार वाटतं.

त्यातून जे कळलं ते असं. घडलेली गोष्ट नव्याने बांधून ठेवायला हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आजूबाजूचा भाग लागतो. अल्झायमर बहुतेक वेळा नेमका तिथूनच सुरू होतो, म्हणून आईला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही पण शाळेतलं आठवतं, कारण जुन्या आठवणी तोवर मेंदूच्या बाहेरच्या थरात बऱ्यापैकी मुरलेल्या असतात. आणि हाताचं कौशल्य, सवयी, हे सगळं बेसल गँग्लिया म्हणून खोल आत काही गाठी आहेत तिथे आणि लहान मेंदूत सांभाळलं जातं, त्याला हिप्पोकॅम्पसची परवानगी लागत नाही. अल्झायमरमध्ये ते भाग सुरुवातीची बरीच वर्षं तग धरतात.

हे नुसतं अंदाजाने म्हणत नाहीत हं, उलट बाजूनेही तपासलंय. १९९६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, काही आकृत्यांची कार्डं दाखवायची आणि आज पाऊस की ऊन ते ओळखायला सांगायचं. नियम इतका धूसर ठेवलेला की पाठ करून उपयोग नाही, करता करता अंदाज बसत जातो. विस्मरणाचे पेशंट हळूहळू बरोबर ओळखायला शिकले पण नंतर विचारलं की कार्डं कसली होती, काय चाललं होतं, तर धड सांगता येईना. पार्किन्सनच्या पेशंटचं बरोब्बर उलटं, त्यांना सगळं व्यवस्थित आठवत होतं, कार्डं, स्क्रीन, सगळं, पण तो अंदाज काही बसेना, कारण त्या आजारात बेसल गँग्लियाचंच काम बिघडलेलं असतं. एकाचं गेलं ते दुसऱ्याकडे आहे आणि दुसऱ्याचं गेलं ते पहिल्याकडे. कप्पा एकच असता तर हे झालंच नसतं.

आणि निरोगी माणसातही हे दिसतं. २०१४ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सराईतपणे टाइप करणाऱ्या लोकांना कोरा कीबोर्ड देऊन अक्षरं भरायला सांगितली तर सरासरी १५ च्या आसपास जागा बरोबर आल्या. रोज ज्यांची बोटं धडाधड चालतात त्या लोकांना! तुम्ही पण आत्ता डोळे मिटून आठवून बघा अमुक अक्षर कुठे आहे, बोट हलवल्याशिवाय सांगणं अवघड जाईल. म्हणजे आईचं ‘मला टायपिंग येत नाही’ हे तिच्यापुरतं खरंच होतं. ज्या भागाला मी प्रश्न विचारला त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

‘आठवणं’ आणि ‘माहीत असणं’ यातला फरक एंडेल टुल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडला. त्यांचा कॅनडातला एक पेशंट, केंट कॉक्रेन, १९८१ साली मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागलेला. त्याला बुद्धिबळ खेळता येत होतं, जगाची बरीच माहिती होती, स्वतःच्या आयुष्याबद्दलचीही काही माहिती होती, पण स्वतःच्या अख्ख्या आयुष्यातला एकही प्रसंग असा नव्हता की जो त्याला डोळ्यासमोर आणता येईल. भाऊ वारल्याचं माहीत होतं, ती बातमी कळली तो क्षण नाही. आणि त्याला उद्या काय करशील विचारलं तर तिथेही कोरंच. म्हणजे उद्याचं चित्र रंगवायलाही कालचेच तुकडे लागतात, हे मला वाचेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. मी आईला ‘उद्या आपण असं असं करू’ म्हणून उत्साहाने सांगायचे आणि ती शून्यात बघायची, मला वाटायचं तिला कशात रस उरला नाही.

याच्या उलट एक आजार असतो, सिमँटिक डिमेन्शिया, त्यात कानशिलाच्या पुढच्या भागाची झीज होते आणि शब्दांचे, वस्तूंचे अर्थच पुसले जातात, कात्री हातात घेऊन हे काय आहे विचारतील, पण काल कोण भेटायला आलं होतं ते बऱ्याचदा सांगतील. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही पेशंट ‘विसराळू’. आणि नंबर ऐकून काही सेकंद डोक्यात धरून ठेवणं हे तर आणखी निराळंच काम, १९६९ साली एका पेशंटबद्दल छापून आलं होतं, त्याला एकदोन आकड्यांपलीकडे लगेच परत म्हणून दाखवता येत नव्हतं पण नवीन गोष्टी कायमच्या शिकण्यात तो ठीक होता. हेन्रीचं बरोबर उलट.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. १९११ साली जिनिव्हात क्लापारेद नावाच्या डॉक्टरांनी एका विस्मरणाच्या पेशंट बाईंशी हात मिळवताना बोटांत टाचणी लपवून ठेवली होती. टोचली. थोड्या वेळात बाई ते विसरून गेल्या. पण पुन्हा हात पुढे केल्यावर त्यांनी आपला हात मागे घेतला, का ते त्यांना सांगता येईना. आज कुणी असं करू नये, पण त्यातून कळलं ते खोटं नाही. भीतीची नोंद अमिग्डला म्हणून बदामाएवढा भाग असतो तो ठेवतो. १९९५ मध्ये हे दोन पेशंटवर समोरासमोर दिसलं, एका रंगानंतर मोठा भोंगा वाजायचा. ज्याचा अमिग्डला खराब होता तो नीट सांगायचा की या रंगानंतर भोंगा वाजतो पण अंगाला घाम फुटायचा नाही, आणि ज्याचा हिप्पोकॅम्पस खराब होता त्याला सांगता यायचं नाही पण अंग मात्र सावध व्हायचं. २०१४ साली आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या पेशंटना दुःखी आणि आनंदी फिल्मचे तुकडे दाखवले, थोड्या वेळाने काय बघितलं ते त्यांना जवळपास आठवत नव्हतं, पण ते दुःख आणि तो आनंद त्यानंतरही उरला होता.

आईला आम्ही स्कॅनसाठी एका हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. नाव लिहीत नाही. ती आत झोपायला तयार होईना, तिथल्या माणसाने तिचं मनगट धरून ओढलं आणि ओरडला, आणि मी काही बोलायच्या आत मलाच म्हणाला, त्यांना काय कळतंय, पाच मिनिटांत विसरतील. विसरली. घरी येईस्तोवर हॉस्पिटलात गेल्याचंच तिला आठवत नव्हतं. पण पुढे कित्येक दिवस कुणी तिचा हात धरायला गेलं की ती मनगट पदराखाली घ्यायची. मी हात पुढे केला तरी घ्यायची. ‘काय झालं गं’ विचारलं तर म्हणायची, काही नाही. आणि तिला खरंच काही माहीत नव्हतं. त्या माणसाचं वाक्य अर्धं बरोबर होतं आणि म्हणूनच ते इतकं घातक आहे, प्रसंग विसरतील हे खरं पण धसका राहतो, आणि कशाचा ते न कळता राहतो म्हणजे तिची समजूत तरी कोण आणि कशी काढणार. माझ्या रोजच्या परीक्षांचंही तेच झालं असणार. प्रश्न विसरायची, लाज उरायची. मी खोलीत शिरले की ती कावरीबावरी का होते हे मला तोवर समजत नव्हतं.

आणखी एक उपयोगाची गोष्ट, जी मला कुणीही सांगितली नाही आणि तुमच्या लेखातही नव्हती. आपल्याला वाटतं चुकांतून माणूस शिकतो. त्यासाठी आपण चुकलो होतो हे आठवावं लागतं! ते आठवणारी यंत्रणाच बंद असेल तर सवयीची यंत्रणा चूकच गिरवून पक्की करते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये विस्मरणाच्या पेशंटबद्दल हे दाखवलं, चुकू न देता शिकवलं तर त्यांना जास्त जमतं. आम्ही घरात आईची खोली बदलली तेव्हा ती बाथरूमसाठी रोज चुकीचं दार उघडायची आणि मी म्हणायचे आठव बघू कुठलं ते, ती पुन्हा तेच उघडायची. हे वाचल्यावर मी विचारणं बंद केलं. ती उठली की मी आधीच शेजारी, आणि थेट बरोबरच्या दारापाशी, रोज, प्रत्येक वेळी, न बोलता. बऱ्याच आठवड्यांनी एका पहाटे मी झोपेतून उठून धावत गेले तर ती एकटीच बरोबर दारातून बाहेर येत होती. आता बाथरूम कुठंय विचारलं तर आजही तिला सांगता येत नाही. पावलं जातात.

मी जरा जास्तच सुटसुटीत करून सांगतेय याची मला कल्पना आहे, मेंदूत अशा भिंती घातलेल्या नसतात. एका संध्याकाळची आठवण घ्या, त्यातलं दिसलेलं मेंदूच्या मागच्या भागात, ऐकलेलं दुसरीकडे, वाटलेलं तिसरीकडे, आणि हिप्पोकॅम्पस त्यांचे धागे जुळवतो असं मानतात. कार्ल लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्याची कित्येक वर्षं उंदरांच्या मेंदूचे वेगवेगळे भाग काढून आठवणीची एक जागा शोधली आणि १९५० मध्ये लिहिलं की ती सापडत नाही. या यंत्रणा एकमेकींना मदत करतात, कधी आडव्या येतात, आणि आजार पुढे सरकला की हाताचं कौशल्यही जातं. आईचंही जाईल. टायपिंग केल्याने ती बरी होईल असं मी म्हणत नाहीये आणि कृपा करून कुणी तसा मथळा देऊ नका.

तुम्हाला दोन विनंत्या. एक, ते कप्प्याचं वाक्य, त्याची दुरुस्ती छापा, छोटी चौकट चालेल. आणि पुढच्या लेखात कुणाची ‘स्मृती गेली’ असं लिहायची वेळ आली तर काय गेलं आणि काय राहिलं ते दोन्ही लिहायला सांगा, लेखकाला चार ओळी जास्त द्याव्या लागल्या तरी. ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय ती माणसं तुमचा पेपर वाचून आज संध्याकाळी आपल्या आईसमोर बसणार आहेत, आणि तिला काय विचारायचं हे त्यावरून ठरवणार आहेत.

माझी आई सध्या दुपारी अर्धा तास लॅपटॉपवर बसते. मी शेजारी बसते, काही विचारत नाही. हात वर उठला की मी एंटर दाबते.

आपली,
एक नियमित वाचक